रेफर, प्रकृती स्थिर

कोहका हे नाव महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांनी ऐकलेले नसेल. भिलाईच्या पोलाद कारखान्याचे आखीव-रेखीव सेक्टर जिथे संपतात, त्याबाहेर सुपेल्याच्या पुढे वाढत गेलेली ही वस्ती. एके काळी खेडे होते. आज महापालिकेच्या हद्दीतील दाट उपनगर आहे. भिलाईचा कारखाना उभा राहू लागला तेव्हा विदर्भातून, विशेषतः नागपूर-भंडाऱ्याकडून, अनेक मराठी कुटुंबे इकडे आली. नोकरी होती तोवर सेक्टरमधले क्वार्टर, आणि निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायची वेळ आली की आसपासच्या अशा वस्त्यांत आयुष्याच्या पुंजीतून बांधलेले घर, असा हा सर्वसाधारण क्रम. माझे घरमालक त्यांपैकीच एक. मी बदलीच्या नोकरीतला माणूस. त्यांच्या माडीवर भाड्याने राहतो.

जानेवारी २०२४ मध्ये त्यांची पुण्याला दिलेली मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा जुना संकेत. परगावी स्थायिक झालेल्या मराठी माणसाने भाषा सोडली, पोळीऐवजी भात आपलासा केला, तरी हा संकेत सोडलेला नाही. त्याचा एक परिणाम असा की, पुण्या-मुंबईच्या किंवा थेट परदेशातल्या सुसज्ज रुग्णालयांच्या परिसरात राहणारी मुलगी ऐन मोक्याच्या वेळी एखाद्या लहान गावातल्या दहा-पंधरा खाटांच्या, ‘ओळखीच्या डॉक्टरांच्या’ रुग्णालयात दाखल होते. हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी हा प्रसंग आला असेल किंवा येऊ घातला असेल. म्हणून हा विषय केवळ बस्तरच्या जंगलातला समजू नये.

तेहेतिसाव्या आठवड्यात, संध्याकाळी सहाच्या सुमारास तिच्या पोटात दुखू लागले. जवळच्याच एका लहान खासगी रुग्णालयात तिला नेले. रात्री दीड वाजता मुलगी झाली. वजन पावणेदोन किलो. ती लगेच रडली नाही. थोड्या प्रयत्नांनंतर रडली, पण श्वास घेताना कण्हत होती. पावणेदोन वाजता घरमालकांनी माझे दार ठोठावले. “साहेब, गाडी काढता का? बाळाला मोठ्या दवाखान्यात न्या म्हणतात.” त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. तीवर इंग्रजीत एक ओळ होती : वरिष्ठ केंद्राकडे रेफर. कोणत्या केंद्राकडे, ते लिहिलेले नव्हते.

पहिल्या ठिकाणी नवजात शिशूंच्या कक्षात खाट शिल्लक नव्हती. त्या रुग्णालयाला मी दोष देत नाही. कक्ष खरोखरच भरलेला होता आणि निघण्यापूर्वी कोणी विचारलेही नव्हते. दुसऱ्या ठिकाणी खाट मिळाली तेव्हा साडेतीन वाजत आले होते. बाळ एका सुती ओढणीत गुंडाळलेले, मावशीच्या मांडीवर, गाडीच्या मागच्या आसनावर होते. जानेवारीची रात्र, आणि एक काच नीट वर न जाणारी माझी जुनी गाडी. तिथल्या निवासी डॉक्टरने बाळाच्या काखेत तापमापी लावली. आकडा होता ३४.१. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे लागते, हे मला त्या रात्री प्रथम कळले. बाळाची आई तोवर कोहक्यातच होती. तिसऱ्या दिवशी ती मुलगी गेली.

पुढे दोनेक आठवड्यांनी मी त्या लहान रुग्णालयात गेलो. जाब विचारायला नव्हे. नेमके काय घडले ते समजून घ्यायला. डॉक्टर सभ्य आणि मनाने चांगला माणूस निघाला. त्याने स्वतःच नोंदवही पुढे केली. त्या रात्रीच्या ओळीतील शेवटच्या रकान्यात लिहिले होते : ‘रेफर, प्रकृती स्थिर’. म्हणजे त्या नोंदवहीच्या दृष्टीने ती मुलगी आजही जिवंत आहे. मी काही बोलण्याआधी तोच म्हणाला, “साहेब, त्या रात्री मी कोणाला फोन करायला हवा होता, एवढं तुम्हीच सांगा.”

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

येथून पुढे जे लिहितो ती माझी व्यक्तिगत मते आहेत, शासनाची नव्हेत. मी वैद्य नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि तीसेक वर्षे सरकारी फायली हाताळलेला माणूस आहे. परंतु ज्या प्रश्नाला वैद्यकाचा प्रश्न म्हणून बाजूला सारले जाते, तो पुष्कळदा हिशेबाचा आणि जबाबदारीच्या वाटणीचा प्रश्न असतो, हे मी पुरेसे पाहिले आहे.

टेलिमेडिसिन या विषयावर सध्या दोन पक्ष आहेत, आणि दोन्ही माझ्या मते चुकीचे आहेत. पहिला पक्ष उत्साही लोकांचा. इस्रोने २००१ मध्ये उपग्रहाद्वारे दूरवैद्यकाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून हा पक्ष आहे. याच्या मते पडदा लावला, जोडणी दिली, फीत कापली की काम झाले. दुसरा पक्ष संशयवाद्यांचा. ‘आधी डॉक्टर नेमा, मग पडदे लावा’ असे तो म्हणतो. ऐकायला हे बिनतोड वाटते. पण ग्रामीण आरोग्य सांख्यिकीच्या २०२१-२२ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत बालरोगतज्ज्ञांची जी गरज आहे, तिच्या जवळजवळ चार पंचमांश तज्ज्ञ नाहीतच. मोहला-मानपूरसारख्या, गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या जिल्ह्यात आज जाहिरात दिली तरी नवजात शिशुतज्ज्ञ उद्या रुजू होणार नाही; परवाही होणार नाही. ‘आधी डॉक्टर’ म्हणणे म्हणजे व्यवहारात ‘आणखी एक पिढी थांबा’ असे म्हणणे होय.

दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : अंतर म्हणजे किलोमीटर. कोहक्याचा प्रसंग मी मुद्दाम सांगितला तो यासाठी. हे काही दुर्गम स्थळ नाही. पोलाद कारखान्याचे सेक्टर ९ मधील मोठे रुग्णालय येथून काही किलोमीटरवर आहे. दुर्गचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे. रायपूरची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था महामार्गाने तासाभराच्या आत गाठता येते. वैद्यकीय महाविद्यालये आहेत, चौपदरी रस्ता आहे, रुग्णवाहिका आहेत, मोबाइलचे जाळे आहे. तरीही रात्री दीड वाजता त्या खोलीतला डॉक्टर तितकाच एकटा होता, जितका अबूझमाडच्या कडेला असलेल्या उपकेंद्रातील परिचारिका असेल. त्याच्यापाशी चार वरिष्ठ डॉक्टरांचे मोबाइल क्रमांक होते. परंतु रात्री दीड वाजता त्यांपैकी कोणाचेही उत्तर देणे हे कोणाचेही काम नव्हते. तो उपकार ठरला असता. आणि उपकारावर चालणारी व्यवस्था सलग तीन रात्री चालत नाही.

आता त्या रात्रीचा हिशेब उलगडून पाहू. आणीबाणी दीड वाजता सुरू झाली, असे सर्वांनी मानले. वास्तविक ती संध्याकाळी सहालाच सुरू झाली होती. तेहेतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झालेल्या बाईला कॉर्टिकोस्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे जन्माला तोंड देण्यास अधिक तयार होतात. हे औषध अत्यंत स्वस्त आहे, आणि केंद्र शासनाने २०१४ मध्येच याविषयीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या सूचनांनुसार रुग्णाला पुढे पाठवण्यापूर्वीची पहिली मात्रा परिचारिकाही देऊ शकते. ते दिले गेले नाही. दुसरे असे की, सहा ते दीड या साडेसात तासांत आईलाच मोठ्या रुग्णालयात हलवता आले असते. अकाली बाळासाठी आईच्या गर्भाशयाइतकी सुरक्षित रुग्णवाहिका अजून कोणी बनवलेली नाही. तेही झाले नाही. नवजात बाळासाठीचे टेलिमेडिसिन बाळ जन्मल्यावर सुरू होते ही समजूतच मुळात घातक आहे. पहिला फोन आईसाठी, आणि संध्याकाळी, व्हायला हवा.

मग दीड वाजता काय करता आले असते? पहिल्या मिनिटात पिशवी-मुखवट्याने श्वास देणे; ते डॉक्टरने आपल्या परीने केले. त्यानंतर बाळाला पुसून, कोरडे करून, टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी ठेवणे. रक्तातील साखर तपासणे. बेताचा प्राणवायू देणे. आणि खाट कोठे आहे हे आधी विचारून, मगच निघणे. यांपैकी एकाही गोष्टीला तज्ज्ञाचा हात लागत नाही. तज्ज्ञाचा आवाज लागतो. शांत, ठाम आणि जबाबदारी घेणारा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांत झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत, एक किलो ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या त्वचेशी ठेवले असता पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. आमच्या गाडीत मात्र बाळ एकीकडे आणि आई दुसरीकडे होती. हे कोणी दुष्टपणे केले नाही. तसे करू नये हे सांगणारे कोणी नव्हते, एवढेच.

अशा आवाजाची व्यवस्था जगात कोठे झालेली आहे काय? झालेली आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिकने २०१३ पासून आसपासच्या लहान रुग्णालयांतील प्रसूतिकक्षांना दृक्‌श्राव्य जोडणीने नवजात शिशुतज्ज्ञ उपलब्ध करून दिला. बाळाला सावरण्याचे काम तेथील स्थानिक डॉक्टर आणि परिचारिकाच करतात. तज्ज्ञ पडद्यावरून बाळ पाहतो आणि पुढची पायरी सांगतो. काही बाळांना त्यानंतर हलवण्याची गरजच उरली नाही. आपल्याकडेही दाखला आहे. कर्नाटकात २००८ पासून चाललेल्या किड्रॉप या उपक्रमात प्रशिक्षित तंत्रज्ञ जिल्ह्या-तालुक्यांच्या नवजात कक्षांत जाऊन अकाली बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची छायाचित्रे घेतात आणि बंगळुरूचे नेत्रतज्ज्ञ ती पाहून निदान करतात. कितीतरी मुले त्यामुळे अंधत्वापासून वाचली. मात्र या उदाहरणातील एक गोष्ट आमचे योजनाकार सोयीस्करपणे वगळतात. तेथे पडदा मोलाचा ठरला, कारण त्याच्या अलीकडे हात चालवणारा तंत्रज्ञ आणि पलीकडे उत्तर देण्याला बांधलेला तज्ज्ञ होता.

आमच्याकडे नेमके उलटे होते. पडदा असतो आणि दोन्ही बाजू रिकाम्या असतात. कार्यालयीन कामाच्या निमित्ताने एका सामुदायिक आरोग्य केंद्रात जाण्याचा योग आला होता. टेलिमेडिसिनची खोली पाहायची इच्छा मी व्यक्त केली. खोलीला कुलूप होते. किल्ली संगणक चालकाकडे असते आणि तो पाच वाजता घरी जातो, असे समजले. किल्ली मागवून खोली उघडली. उपकरणावर भरतकाम केलेले आच्छादन होते, उद्घाटनाचा फलक होता, आणि यंत्र प्रसूतिकक्षापासून दोन इमारती पलीकडे होते. बाळे बहुधा कार्यालयीन वेळेत, संगणक चालकाच्या सोयीने जन्माला येतात, अशी कोणाची तरी धारणा असावी.

असे का होते? अर्थखात्याशी संबंध आलेल्या कोणालाही याचे उत्तर ठाऊक आहे. यंत्र हा भांडवली खर्च आहे. तो एकदाच करायचा असतो, निविदा निघते, ३१ मार्चच्या आत देयक मंजूर होते, उपयोगिता प्रमाणपत्र पाठवता येते. रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्या तज्ज्ञाचा भत्ता हा महसुली खर्च आहे. तो दर महिन्याला, दर वर्षी द्यावा लागतो. पद निर्माण करावे लागते. वित्त विभाग विचारतो की हे दायित्व कोठवर चालणार. त्याचे उद्घाटन करता येत नाही. म्हणून पन्नास यंत्रे मंजूर करवून घेणे सोपे, आणि पाच माणसांची रात्रपाळी मंजूर करवून घेणे महाकठीण. मी स्वतः अशा टिपण्यांवर सह्या केलेल्या आहेत. त्यामुळे हा दोष देताना माझे बोट माझ्याकडेही वळते.

याहून खोल दोष मृत्यूच्या हिशेबात आहे. बाळ ज्या रुग्णालयात दगावते, त्याच्या नावावर तो मृत्यू पडतो. पाठवणाऱ्याच्या नोंदवहीत ‘रेफर’ हा शेवट असतो आणि त्याची पाटी कोरी राहते. अर्थशास्त्रात ज्याला प्रोत्साहनांची विकृत रचना म्हणतात, तिचा हा पाठ्यपुस्तकी नमुना होय. लहान रुग्णालयाला लवकर आणि नीट पाठवण्याचे काही बक्षीस नाही. कसेही करून पाठवून देण्याचे मात्र आहे. आणि सगळा भार शेवटच्या रुग्णालयावर येऊन पडतो. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या आरंभी चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बाळे होती. महाराष्ट्र हादरला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. इतर ठिकाणांहून अत्यवस्थ स्थितीत बाळे आमच्याकडे आली, असे रुग्णालयाचे म्हणणे होते. ते म्हणणे संपूर्ण खुलासा ठरत नाही, तेथील मनुष्यबळाचे आणि औषधांचे प्रश्न खरेच होते. पण ते खोटेही नव्हते. मात्र त्या बारा बाळांचा त्याआधीचा प्रवास कोणी जाहीरपणे मांडला? कोठून निघाली, निघताना तापमान किती होते, वाटेत किती दारे ठोठावली? सारी चर्चा शेवटच्या दारापाशी थांबली. त्याआधी ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला लागलेल्या आगीत दहा बाळे गेली. ती घटना निराळी, कारणे निराळी. पण रात्री त्या कक्षात कोण होते, हा प्रश्न तेव्हाही राज्यभर विचारला गेला. यंत्रांनी भरलेल्या खोलीत रात्री माणूस असणे, याला पर्याय नाही.

वास्तविक या साऱ्यातील निम्मे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने तीन दशकांपूर्वीच दिलेले आहे. रेल्वेगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या पश्चिम बंगालमधील एका इसमाला १९९२ मध्ये एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवले. त्या प्रकरणात १९९६ मध्ये निकाल देताना न्यायालयाने भरपाई तर दिलीच, शिवाय असे म्हटले की, कोणत्या रुग्णालयात खाट आहे हे कळून रुग्णाला थेट तेथेच पाठवता यावे, यासाठी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था असावी. तेव्हा मोबाइल फोनही अपूर्वाईचा होता. आज माझ्या खिशातील यंत्र मला सांगते की दोन चौक पलीकडच्या उपाहारगृहात डोसा किती मिनिटांत तयार होईल. पण तीस किलोमीटरच्या परिघात नवजात बाळासाठी एक खाट कोठे रिकामी आहे, हे ते सांगत नाही.

ई-संजीवनीचे नाव कोणी काढील, म्हणून तिच्याविषयीही लिहितो. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या या शासकीय सेवेने फेब्रुवारी २०२३ मध्ये दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. ही लहान गोष्ट नव्हे; मधुमेहाच्या, त्वचारोगाच्या कितीतरी रुग्णांची खेप तिने वाचवली आहे. परंतु तिची प्रकृती बाह्यरुग्ण विभागाची आहे : रांगेत या, क्रमांक घ्या, डॉक्टर भेटेल. गुदमरणाऱ्या बाळाला क्रमांक देता येत नाही. शिवाय २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन व्यवसाय मार्गदर्शक तत्त्वांनी आणीबाणीतील दूरसल्ला प्रथमोपचार, जीवरक्षक उपाय आणि पुढे पाठवण्याविषयीचा सल्ला इतक्यापुरता ठेवला आहे; आणि एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेतला तरी मुख्य जबाबदारी सल्ला घेणाऱ्याचीच राहते. कायद्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. पण रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरला यातून काय बोध होतो? विचारले तरी मान माझीच अडकणार, आणि वर वरिष्ठाची बोलणी. त्यापेक्षा चिठ्ठी लिहिलेली बरी. ‘जीवरक्षक उपाय’ या शब्दांत नवजात बाळाची पहिली दोन तासांची सारी शुश्रूषा बसते, असे शासनाने स्पष्ट लिहून देण्याची गरज आहे. सल्ला देणाऱ्याचे नाव, वेळ आणि सल्ला यांची नोंद राहावी आणि त्यापुरता तोही उत्तरदायी असावा.

मग मला हवे आहे ते काय? फार थोडे. एका मोठ्या नवजात कक्षाने आपल्या परिसरातील वीस-पंचवीस लहान रुग्णालयांची, सरकारी आणि खासगी अशी दोन्ही, जबाबदारी नावानिशी घ्यावी. तेथे चोवीस तास एक तज्ज्ञ असा असावा, ज्याचे त्या पाळीतील पहिले काम फोन उचलणे हेच असेल. त्याच टेबलावरून खाट शोधली जावी आणि त्याच टेबलावरून १०८ची गाडी सुटावी; नातेवाइकाला भाड्याची गाडी शोधावी लागू नये. कॅमेरा वॉर्मरच्या वर बसवलेला असावा, म्हणजे परिचारिकेचे दोन्ही हात बाळासाठी मोकळे राहतील. बाळाचे पुढे काय झाले, हे आठवड्याच्या आत पाठवणाऱ्या रुग्णालयाला कळवले जावे आणि त्याने ते आपल्या नोंदवहीत त्याच ओळीत लिहावे. ‘रेफर, प्रकृती स्थिर’ ही नोंद पूर्ण मानली जाऊ नये. छत्तीसगढमध्ये खासगी रुग्णालयांच्या परवान्यासाठी २०१० चा कायदा आहे. ज्या रुग्णालयात प्रसूती होतात त्याच्या परवान्याला या जोडणीची अट घालता येईल. त्यासाठी नवा कायदा नको, बहुधा नियमांतील दुरुस्ती पुरेल.

आणि यश मोजायचे ते सल्ल्यांच्या संख्येने मुळीच नव्हे. सरकारी योजनेत जे मोजले जाते ते वाढते; कॉल मोजले की कॉल वाढतील. मी एकच आकडा मोजीन : मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर बाळाच्या काखेतील तापमान. तो आकडा खोटा लिहिणे कठीण, कारण तो पाठवणाऱ्याने नव्हे तर स्वीकारणाऱ्याने घ्यायचा असतो. बाळ उबदार पोचले, याचा अर्थ कोणीतरी आधी विचारले, कोणीतरी सांगितले, आणि कोणीतरी ऐकले. मागच्या आसनावरची ती ओढणी या एका आकड्यात पकडता येते.

याला एक मर्यादा आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पडद्यावरचा तज्ज्ञ सर्वज्ञ नसतो, आणि श्रीमंत देशांतील उपचार जसाच्या तसा आपल्याकडे लागू पडेलच असे नाही. जन्मतः गुदमरलेल्या बाळाचे शरीर थंड ठेवून मेंदू वाचवण्याचा उपचार पाश्चात्य देशांत रूढ झाला. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील ४०८ बाळांवर झालेल्या हेलिक्स चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, थंड ठेवलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली. इतरांपैकी ३१ टक्के. म्हणून सल्ला देणारा माणूस त्याच मातीतला असावा. ज्याने सुपेल्याची गर्दी आणि बेमेतऱ्याचा रस्ता पाहिला आहे, ज्याला त्या लहान रुग्णालयात प्राणवायूचे किती सिलिंडर आहेत हे माहीत आहे, असा. हैदराबादच्या किंवा बंगळुरूच्या काचेच्या मनोऱ्यात बसून शंभर जिल्हे सांभाळण्याच्या योजना माझ्यासमोर येतात, तेव्हा मला याच गोष्टीची धास्ती वाटते.

कौशल्य आधी आणि तार नंतर, हे सर्वांत चांगले आपल्याच शेजारी सिद्ध झालेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. उबदार पिशवी, श्वास देण्याचे साधन, जंतुसंसर्ग ओळखण्याची आणि त्यावर इलाज करण्याची रीत एवढ्या सामग्रीवर एकोणचाळीस गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने ते प्रसिद्ध केले आणि पुढे २०११ मध्ये ती पद्धत देशाने स्वीकारली. तेथे पडदा नव्हता, उपग्रह नव्हता. शिकलेली, विश्वास दिलेली एक बाई होती. छत्तीसगढने २००२ पासून मितानिनींची फळी उभी केली, तीही याच विचाराची. अशा हातांना रात्री दोन वाजता एक खात्रीचा आवाज मिळाला तर काय होईल, हा खरा टेलिमेडिसिनचा प्रश्न आहे. हात नसलेल्या खोलीत आवाज सोडून काय होते, ते मी कुलूपबंद खोलीत पाहिलेच आहे.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगढचा नवजात मृत्युदर दर हजारी ३२.४ निघाला आणि महाराष्ट्राचा १६.५. सीमेच्या अलीकडे-पलीकडे जवळपास दुपटीचे अंतर. २०१४ च्या राष्ट्रीय नवजात कृती आराखड्याने २०३० पर्यंत हा दर एकअंकी करण्याचे वचन दिलेले आहे. जिल्हा पातळीवर विशेष नवजात काळजी कक्ष देशात नऊशेच्या वर झाले, ही मोठीच मजल. आता मरण त्या कक्षांत कमी आणि कक्षाच्या वाटेवर जास्त आहे, असे माझे या वर्षांतले निरीक्षण सांगते. आकड्यांनी ते सिद्ध करता येणार नाही, कारण वाटेचा रकानाच आपल्या नोंदवहीत नाही.

घरमालकांच्या मुलीला पुन्हा दिवस गेले आहेत. परवा ते माडीवर आले आणि चहा घेता घेता त्यांनी विचारले की मुलीला या खेपेला इकडे आणावे की पुण्यालाच राहू द्यावे. सौ. म्हणते, आईपाशीच बरे. मी सल्ला दिला नाही. एका कागदावर तीन प्रश्न लिहून दिले आणि सांगितले की रुग्णालयात जाऊन हे विचारा. बाळाला श्वास देण्याची पिशवी आणि ती वापरणारी परिचारिका रात्रीही असते काय? दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर तुम्ही तिला कोठे पाठवणार, आणि तेथे आधी कोणाशी बोलणार? तिसरा प्रश्न : रात्री दोन वाजता तो फोन लागतो काय?

संध्याकाळी ते कागद घेऊन परत आले. पहिल्या दोन प्रश्नांपुढे त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात ‘होय’ असे लिहून आणले होते. दुसऱ्यापुढे तर रुग्णालयाचे नाव आणि क्रमांकही होता.

“तिसऱ्याचं काय?” मी विचारले.

“नंबर हाच आहे म्हणाले. रात्री लावून बघितलेला नाही.”